उखाला पसंत पडलेली घागर

उखा भोई दरवर्षी स्वतःच्या मयताची घागर पारखायला माझ्या दारात यायचा आणि नापसंत करून जायचा. अशी वीस-एकवीस वर्षं गेली. दुसऱ्या कुणी माझ्या घागरीला नाव ठेवलं असतं तर मी त्याला चाकावर बसवून गरगर फिरवला असता. उखाला मी बसायला पोतं द्यायचो. ते पोतं आता खुंटीला आहे. त्यावर कुणाला बसू देत नाही, आणि कुणी बसायला येतही नाही.

मी दगा कुंभार. तापीच्या काठी आमचं गाव. शाळेत दुसऱ्या बुकापर्यंत गेलो, पुढे मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. चूक मास्तरांची होती. पण मातीतलं मला काही शिकवावं असा माणूस इकडे म्हसावदपासून तिकडे नंदुरबारपर्यंत नव्हता. हे मी म्हणत नाही, बाजार म्हणायचा. एक उखा तेवढा म्हणायचा नाही.

परमुलखातल्या वाचणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. खाली गहू, त्यावर घागर, घागरीवर लोटी आणि लोटीवर डांगर. डांगर म्हणजे तुमचं खरबूज. त्या दिवशी गेलेला माणूस पाणी प्यायला घरी येतो. ज्याची घागर भरायला कुणी नाही, तो तहानेला परत जातो. गावाच्या घागरी माझ्या आणि डांगरं उखाची. उन्हाळ्यात तापी आटली की तो पात्रातल्या वाळूत वाडी लावायचा, वाळूत हातभर खणून झिरा काढायचा आणि त्याच पाण्यावर वेल पोसायचा. मी म्हणायचो, आपण दोघं नसतो तर गावातले सगळे मेलेले तहानेने तडफडले असते. उखा म्हणायचा, "तुन्ही घागर ऱ्हास खाले, मन्हं डांगर ऱ्हास वर. काय ते समजी ले."

पाण्याच्या बाबतीत हा माणूस भलताच तर्कटी. कुणाच्या घरी पाणी दिलं तर पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटायचा. घरची माणसं उभी. मग गिळून सांगायचा, "हाई घागरमा आधी ताक व्हतं." एकदा शहाद्याकडे एका लग्नाला गेलो. पंगत बसली, वरण-बट्टी वाढली. उखाने घोट घेतला आणि मुलीच्या बापाला हाक मारून सांगितलं, "व्याही, तीन विहिरीसनं पाणी शे. त्यामा एक खारी शे." बाप गावचा मोठा माणूस, त्याला ते लागलं. नंतर आमच्या पत्रावळीकडे कुणी फिरकेना. त्याच्या शेजारी बसलो एवढ्यावर माझी दुसरी बट्टी गेली. घरी येईपर्यंत मी त्याला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "पन खारी व्हती ना?"

संध्याकाळी आमचा एक खेळ असायचा. तो माझ्या अंगणात यायचा, पोत्यावर बसायचा आणि विचारायचा, "बोल दग्या, आज काय गोड लागनं?" दिवसभरात जे बारीकसारीक मनाला गोड लागलं असेल ते सांगायचं. कालचं आज चालत नाही. ज्याला सुचलं नाही त्याने चिलीम भरायची.

मी म्हणायचो, "चाकवरतून घागर कापस ना, तवय बारीक आवाज येस. तो."

"तो परवा व्हयना. दुसरं सांग."

"गधडाना कान. सकायना थंडीमा हातमा धरा का ऊन लागस."

उखा आत वळून माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, आयकं का? तुन्हा नवराले गधडाना कान गोड लागस."

ती चुलीजवळून म्हणायची, "जोडीदारना कान गोड लागीच ना."

मग त्याची पाळी. दुपारच्या उन्हात वाळूत पाय खुपसला की खाली गार लागतं, ते. नव्या घागरीतल्या पहिल्या पाण्याचा वास. कळण्याच्या भाकरीचा सुटलेला पापुद्रा. आणि एक गोष्ट तो नियम मोडून पुन्हापुन्हा सांगायचा. "पिकेल डांगरना देठ. हात लावा का आपोआप सुटस. ओढानं काम पडत नही." मी म्हणायचो, हे झालंय, भर चिलीम. तो मुकाट्याने भरायचा.

मयताच्या घागरीचं कसं सुरू झालं ते सांगतो. मानमोडीच्या तापाची साथ आली त्यात त्याची बायको गेली आणि आठ दिवसांनी पोरगा गेला. पोरगा मिसरूड फुटलेला होता. पुढच्या आखाजीला उखा दोन घागरी न्यायला आला. मी दोन चांगल्या निवडून ठेवल्या होत्या. त्या त्याने घेतल्या, पण उठेना.

"तिसरी?" म्हणाला.

"तिसरी कोनी?"

"मन्ही. त्यासन्या मी भरसू. मन्ही कोन भरी?"

अशा वेळी काय बोलावं ते दुसऱ्या बुकापर्यंत शिकवत नाहीत. मी आपला नेहमीसारखा म्हणालो, "आधी मर तं खरं."

"मरसू. पन घागर पसंत पडाले पाहिजे. पसंत नही तं मी कसा मरू? भरशी ना तू?"

"भरसू."

मी एक घागर पुढे केली. त्याने मांडीवर घेतली, कानाशी नेली, बोटाने टिचकी मारली, बुडाला जिभेचं टोक लावलं. मग म्हणाला, "नही. हाईमा मन्हं पाणी टिकाव नही." आणि तीच घागर काखेत मारून उठला. "पियापुरती चाली," म्हणाला.

तेव्हापासून दरवर्षी मी त्याची घागर वेगळी करायचो आणि दरवर्षी तो नाव ठेवायचा. एका साली घागरीला घाम येत नाही. दुसऱ्या साली घाम फार येतो. एका साली म्हणाला, हिचं तोंड तुझ्यासारखं आहे, झाकण ठेवलं तरी बंद होत नाही. एका वर्षी तर माझ्या हातून अशी घागर उतरली की अक्कलकुव्याच्या बाजारात डोंगरातला एक माणूस तिच्यासाठी दोन कोंबड्या द्यायला तयार झाला. मी दिली नाही. उखाने टिचकी मारली, डोळे मिटले, इतका वेळ मिटले की मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "आवाज चांगला शे. पन मरेल मानूसले आवाजनं काय काम?" चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी डांगर घेऊन आला आणि ते कापून स्वतःच अर्धं खाऊन गेला.

लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला मरायचं नाही म्हणून ही सोंगं. मला ते पटायचं. यमालाही दारात ताटकळत ठेवायचा असेल तर उखानेच ठेवावा.

मग लढाई लागली, घासलेट मिळेनासं झालं, आणि त्याच सुमाराला माझी बोटं आखडायला लागली. घागर थापताना आतून दगडी गोळा धरायचा असतो आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकायचं असतं. तो गोळा माझ्या हातातून निसटायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. मातीला दोष दिला, मातीत कालवायच्या लिदीला दिला. आव्यात भाजताना निम्म्या घागरी तडकल्या तेव्हा लाकडं ओली होती असं सांगितलं. बायकोने एक लाकूड उचलून बघितलं आणि परत ठेवलं. उखाची घागर मी त्या वर्षी तीनदा केली.

तो आला, पोत्यावर बसला आणि म्हणाला, "हात दाखाड."

"घागर देखाले उना का हात?"

"दाखाड तं."

मी दाखवला. डांगर फिरवून बघावं तसा त्याने तो उलटसुलट केला आणि परत माझ्या मांडीवर ठेवून दिला. मग घागर घेतली. कानाशी नेली. टिचकीसाठी बोट उचललं. ते बोट थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्याने अख्खा तळवा घागरीवर टेकवला, गाईच्या कपाळावर टेकवतात तसा.

"पटनी," म्हणाला.

मी म्हणालो, "ठोक तं खरं."

"ठोकानं काय काम? पटनी ती पटनी. आते दुसरी करू नको."

त्या दिवशी मी गावात गूळ वाटला. हजामाकडे सांगितलं, मारुतीच्या ओट्यावर सांगितलं, म्हसावदच्या बाजारात ओळखीच्याला सांगितलं आणि बिनओळखीच्यालाही सांगितलं. उखा मागे उभा राहून मान डोलवायचा. "दग्याले इतला वरीसमा आते जमनं. असं काम आते व्हावाव नही." मी जिंकलो होतो. अशा घागरीनंतर आणखी काय करायचं, म्हणून मी चाक उचलून भिंतीला लावलं. लोक म्हणाले, दगाने मानाने चाक ठेवलं. मी मिशीवरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी उखा काय बघायला येणार, हे माझ्या मनात आलं नाही. इतका मी माझ्याच आनंदात होतो.

श्रावणात त्याला ताप भरला. मी त्याच्या खोपटात गेलो. माझ्या सगळ्या नापसंत घागरी भिंतीशी ओळीने मांडलेल्या होत्या. एकीत डांगराचं बी, एकीत राख, एकीत मिरच्या, बाकीच्यांत पाणी. काही फुटल्या असतील असं मी धरून चाललो होतो. एकही फुटलेली नव्हती. मी एकीतलं पाणी त्याला पाजलं. त्याने घोट तोंडात धरला, डोळे मिटले, गिळला.

"हाई दुष्काळना सालनी ना?"

"तीच."

"गळा जाड शे हिना."

मला बरं वाटलं. अजून नावं ठेवतोय म्हणजे उठेल. तिसऱ्या दिवशी तो गेला. देठ सुटावा तसा, ओढावं लागलं नाही.

पसंत पडलेली घागर माझ्या घरात आखाजीपर्यंत उपडी होती. वाडी त्या वर्षी कुणी लावली नाही. उखाच्या घागरीतलं बी मी नदीत नेऊन टोचलं, पण मला वाकवेना, दोनच वेल धरले आणि डांगर झालं ते आंब्याएवढं. उखाने ते बघितलं असतं तर मला जातीबाहेर टाकला असता. जातीवरून आठवलं, गावातल्या जाणत्यांनी सांगून पाहिलं की दगा, तू त्याच्या गोतातला नाहीस, तुझ्या हातचं त्याला पोचायचं नाही. मी म्हणालो, डांगर माझ्या हातचं नसेल पोचत, घागर पोचेल. ते उठून गेले.

सकाळी त्याच्या वाडीच्या जागी झिरा काढून पाणी आणलं. गहू पसरले, घागर भरली, लोटी ठेवली, वर ते आंब्याएवढं डांगर. थोड्या वेळाने बुडाला ओल दिसली. मी मनात म्हटलं, घाम येतोय, चांगली आहे. नैवेद्य दाखवेपर्यंत खालचे गहू भिजून गेले होते.

बायको म्हणाली, "अहो, घागर गळी ऱ्हायनी."

"घाम शे."

"घामनी धार लागत नही."

मी डांगर आणि लोटी उतरवली. माझ्या त्या घागरीला मी कधी टिचकी मारली नव्हती. ते काम उखाचं. आता मारली. कुजक्या भोपळ्यावर मारल्यासारखा आवाज आला. वर्षभर मी त्या घागरीचं कौतुक गावाला सांगत होतो, आणि तिच्या बुडात आव्यातलीच चीर होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उखाला तर टिचकीही लागली नाही, माझा हात बघूनच कळलं. कुणाच्या लग्नातलं पाणी ज्याच्याने मुकाट्याने पिववलं नाही, तो माणूस ही घागर मांडीवर घेऊन 'पटनी' म्हणाला, आणि आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून वर तळवा दाबून बसला. नापसंतीवर तो इतकी वर्षं तगला होता. तीही त्याने माझ्यासाठी सोडली. आणि मी गूळ वाटला.

बायको हळूच म्हणाली, "नंदुरबारना बाजारनी नवी घागर शे घरमा. ती मांडू का?"

"नही," मी म्हणालो. "त्याले हाई पटनी."

मी पाण्याचा हंडा ओढून घेतला आणि घागरीशेजारी बसलो. बोटांत तांब्या धरवत नाही, म्हणून दोन्ही तळव्यांत धरला. घागर गळत होती, मी ओतत होतो. हंडा सरला की बायको दुसरा आणून ठेवायची. पाणी अंगणातून वाहत गाढवाच्या पायापर्यंत गेलं, गाढवाने मान खाली घालून ते पिऊनही घेतलं. उन्हं चढली, उतरली. घरोघरची माणसं जेवून निजली आणि उठली. पाणी प्यायला येणारा नेमका कधी येतो ते कुणालाच माहीत नसतं.

दिवस मावळेपर्यंत मी ओतत राहिलो. घागरीतलं पाणी गळ्याच्या खाली एकदाही जाऊ दिलं नाही.