दीड अंशाची पाचर

"साचा चुकत नाही," सूतभर म्हणाला. "लाकूड चुकेल, हवा चुकेल, माणूस तर चुकतोच चुकतो. पण साचा चुकत नाही."

"मग ही गिटार अशी का दिसते?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न अत्यंत गैरसोयीचा होता. सूतभरच्या समोर नवी कोरी गिटार पडली होती, आणि तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच ताणल्या गेल्या होत्या की त्यांच्याखालून उंदराचं पिल्लू मान ताठ ठेवून गेलं असतं.

सूतभर हे त्याचं खरं नाव नव्हे. तो घरामागच्या खोलीत गिटारी बनवायचा, आणि कुठल्याही वस्तूकडे एक डोळा मिटून "सूतभर तिरकी आहे" म्हणायची त्याला खोड होती. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवं पडल्यापडल्या त्याने भिंतीवरचं प्रमाणपत्र सूतभर तिरकं असल्याचं सांगितलं होतं, तेही तोंडात नळी असताना. अशा माणसाची स्वतःची गिटार वाकडी निघावी, ही गोष्ट त्याच्या फार जिव्हारी लागली.

त्यात ही गिटार साधीसुधी नव्हती. गिटार शिकवणाऱ्या बाई आठ महिने तिची वाट बघत होत्या. त्यांची जुनी गिटार मधोमध तडकली होती आणि रविवारी त्यांच्या वर्गाचा कार्यक्रम होता. "शनिवारी संध्याकाळी नेते. नाही मिळाली तर कार्यक्रम रद्द करावा लागेल," असं त्या स्वच्छ सांगून गेल्या होत्या. आज सोमवार होता.

"लाकडाने दगा दिला," सूतभरने निकाल दिला आणि दुसरी मान करायला घेतली.

गिटारची मान धडात बसवायची तर तिच्या टोकाला जो खुंटा कापतात, तो नेमक्या कोनात यावा लागतो. त्यासाठी सूतभरने स्वतः एक लाकडी साचा केला होता. मान त्यात आवळायची, तिच्या मागे एक पातळ पाचर सरकवायची, की कोन आपोआप ठरला. वरच्या डोक्यात तारा गुंडाळायच्या खुंट्यांसाठी दोन लांब खाचा पाडायच्या, तर त्यालाही वेगळा साचा. साचे करायला त्याला दोन वर्षं लागली होती. त्यामुळे त्यांच्याविषयी तो घरातल्या माणसांपेक्षा जरा जास्तच आदराने बोलायचा.

बुधवारी दुसरी मान बसली. खाचा अशा की बघत राहावं, सांधा असा की मध्ये केस जाणार नाही. तारा चढवल्या. उंदराचं पिल्लू पुन्हा तसंच मान ताठ ठेवून गेलं असतं.

"साच्यातच खोट असेल हो, जावईबापू," चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई दारातून म्हणाल्या.

"आई, तुम्ही साच्याबद्दल बोलू नका!"

"बरं बाई, नाही बोलत. मला काय, मी आपली आरामात चहा पिते. तुमचं टेबल डुगडुगायचं थांबलंय हेच पुष्कळ."

सूतभरने लाकूडवाल्याला फोन लावला. लाकूडवाला बहिणीकडे गेला होता, दुकान सोमवारीच उघडणार होतं. घरात मानेजोगं लाकूड उरलं नव्हतं. तो डोकं धरून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला, आणि बसल्याबसल्या त्याची नजर खाली गेली. टेबल त्याने सहा वर्षांपूर्वी त्याच जातीच्या लाकडाचं स्वतः केलं होतं. चार जाडजूड पाय, सरळ रेषांचे, खडखडीत वाळलेले.

"नाही," बायको म्हणाली. तो अजून काही बोललाही नव्हता.

"एकच पाय."

"सहा वर्षं मी हे टेबल नीट कर म्हणतेय. आत्ता कुठे दीड महिना झाला ते गप उभं आहे. आणि तू त्याचा पाय कापणार?"

"बाईंचा कार्यक्रम बुडेल गं. आठ महिने थांबल्यात त्या. आणि वाकडी गिटार दिली तर मी पुन्हा कुणाला तोंड दाखवू?"

त्याचा चेहरा इतका पडला होता की बायकोला खरोखर वाईट वाटलं. तिने मुकाट्याने टेबलावरची भांडी उचलली. सासूबाईंनी एक बाजू उचलून धरली, सूतभरने बोल्ट सोडवले आणि पाय ओढून काढला. त्याच्या खालून एक पातळ पाचर जमिनीवर पडली.

तिच्यावर सूतभरच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मान. दीड अंश. हलवू नये.'

"ही इथे कुणी घातली?" सूतभर ओरडला. "साच्याची पाचर आहे ही! म्हणजे साच्यात दुसरीच, तीन अंशाची पाचर होती आणि मी दोन्ही माना तिच्यावर कापल्या! कुणी हात लावला माझ्या सामानाला?"

बायकोने आईकडे पाहिलं. सासूबाईंच्या हातात अजून टेबल होतं.

"तुम्हीच की, जावईबापू. मागच्या वेळी मी आले होते, तेव्हा माझा चहा सांडला. तुम्ही तरातरा मागे गेलात, ही आणलीत आणि खाली वाकून बसवलीत. वर म्हणालात, बघा, कशी फिट्ट बसली, सूतभर फरक नाही."

सूतभरने पाचर उचलून तिच्यावरचं स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. "चुकलो मी," शेवटी तो म्हणाला. लग्नानंतर हे शब्द बायको पहिल्यांदाच ऐकत होती, तिने ते पुन्हा म्हणायला लावले.

तिसरी मान शनिवारी दुपारी बसली. तारा पट्टीच्या किती जवळून अलगद गेल्या होत्या! सूतभरचे डोळे भरून आले. उरलेल्या वेळात त्याने दोन्ही वाया गेलेल्या माना पाठीला पाठ लावून चिकटवल्या, उंचीला कमी पडलं तिथे ठोकळा दिला आणि टेबलाला चौथा पाय लावला. टेबल पाचरीशिवाय अगदी स्थिर उभं राहिलं.

"म्हणजे सहा वर्षं हे जमण्यासारखं होतं," बायको म्हणाली.

संध्याकाळी बाई आल्या. त्या वाजवायला लागल्या आणि सासूबाईंचा चहा निवून गेला. थांबल्यावर त्यांची नजर टेबलाच्या खाचांच्या पायाकडे गेली.

"हे काय नवीन?"

"साचा चुकत नाही ना," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून त्याने दोन्ही माना अगदी सारख्या दिल्या."

बाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. "फार गोड आवाज आहे हो. माझ्या तीन विद्यार्थ्यांनाही अशीच हवी आहे. पण मानेला हेच लाकूड पाहिजे बरं का, असंच जुनं. मिळेल ना?"

सूतभरने एक डोळा मिटला आणि हळूच टेबलाखाली पाहिलं.

बायकोने दोन्ही तळहात टेबलावर घट्ट दाबून धरले. सासूबाईंनी आपला चहाचा कप उचलून हातात घेतला.