दचकू सशाचं दणदणीत भाषण

एका जंगलात, बाळांनो, वाघाला कोणी फारसं घाबरत नसे. सगळे घाबरत ते माइकला. वाघ काय, फार तर खाऊन टाकतो. पण माइकसमोर फजिती झाली तर पुढे त्याच जंगलात तोंड दाखवावं लागतं.

तिथे दचकू नावाचा ससा राहायचा. त्याच्या बिळाजवळून एक ओढा वाहायचा. अस्वलरावांनी स्वतःला डुंबायला तळं हवं म्हणून वरच्या अंगाला बांध घालून तो अडवला. दचकूची पिल्लं पाण्यासाठी तडफडू लागली. शेवटी बायकोने दचकूला जंगलसभेत पाठवलं.

दचकू माइकपुढे उभा राहिला. मिशा थरथरत होत्या.

"ओढा... अस्वलरावांनी अडवलाय. पिल्लांना... पाणी नाही," एवढंच तो बोलला आणि रडायलाच लागला.

हत्तीआजोबा उठले. "कुठाय तो बांध? चल, दाखव मला. आत्ता मोडतो."

तेवढ्यात माकडं फिदीफिदी हसली. दचकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अस्वलराव मायेने म्हणाले, "अरे, सभेत असं बोलतात का? तुझ्यात मोठा वक्ता दडलाय. पोपटगुरुजींचा वर्ग लाव, मग ये."

"आजोबा, थांबा जरा," दचकू म्हणाला. "मी नीट शिकून येतो."

आणि आजोबा खाली बसले! मला तर अजून चडफडायला होतं.

पोपटगुरुजींनी युक्ती सांगितली, "समोर कोबीचे गड्डे मांडलेत असं समजायचं." दचकूची भीती पार पळाली. भूक तेवढी वाढली.

पुढच्या सभेत तो ऐटीत उभा राहिला. "सन्माननीय व्यासपीठ आणि जमलेल्या तमाम पशुबंधू-भगिनींनो! मी फार वेळ घेणार नाही..."

मग त्याने पाण्याचा इतिहास सांगितला. थेंबावर कविता म्हटली. टेबलावर मूठ आपटली. आता ओढ्यावर येणार, तोच सूर्य मावळला. हत्तीआजोबा केव्हाचे घोरत होते. अध्यक्ष अस्वलरावांनी वेळेअभावी सभा संपवली आणि दचकूला शाल अन् नारळ दिला.

घरी बायकोने विचारलं, "अहो, पाण्याचं काय झालं?"

"अगं, टाळ्या थांबतच नव्हत्या!"

पिल्लांनी नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं. सगळ्यांना एकेक घोट मिळाला.

धाकटं पिल्लू ओठ चाटत म्हणालं, "बाबा, पुढचं भाषण कधी?"

तात्पर्य : सभेत बोलायची भीती वेळीच घालवावी. नाहीतर घाबरलेला प्राणी एकदम मुद्द्याचंच बोलून जातो आणि एखाद्या भल्या अस्वलाचं तळं आटतं.