बायनाबाईंचा फुकटचा हौद

ते साल शहाण्णवचं. जुन्या जालन्यात तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं, आणि बायनाबाई बावीस वर्षं त्या करंगळीखाली रांग लावत होत्या. लग्न होऊन धावड्याहून शहरात आल्या तेव्हा डोक्यावर शालूचा पदर होता. दुसऱ्या दिवशी त्या जागी घागर आली, ती काही उतरलीच नाही.

त्यामुळे त्रिंबकरावांनी शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत रो-हाऊससाठी इसार दिला, तेव्हा बायनाबाईंनी सगळ्या गल्लीत जाहीर केलं, "घर ह्यांनी घेतलं, पण हौद मी काढणार! परसात, जमिनीखाली, पाच हात खोल. आन् तो बी फुकट!"

"बिल्डर काय तुझा मावसभाऊ लागतो?" शेजारच्या केशरबाई म्हणाल्या.

"अगं, वर पावशेर गूळ घेतल्याबिगर मी मोंढ्यातल्या दुकानातून कधी उठलेय का?"

बिल्डर सर्जेराव म्हणजे पांढरा सफारी, बोटांत आठ अंगठ्या आणि आवाज असा, की सिमेंटची पोती घाबरून आपोआप ट्रकमधून उतरावीत. कडप्प्याचा ओटा त्यांनी लगेच कबूल केला. माळा दिला. खिडक्यांना जाळ्या दिल्या. हौद म्हणताच मात्र मान हलवली.

"बिलकुल न्हाई, वहिनी. जादा कामाला जादा खर्चा."

बायनाबाईंनी रुसून बघितलं, डोळ्याला पदर लावून बघितलं, "चला हो, दुसरं घर बघू" म्हणत फाटकापर्यंत चार वेळा जाऊनही बघितलं. सर्जेराव ढिम्म! भर दुपारचे बारा वाजले होते. परसातल्या भिंती अर्ध्या उठलेल्या, ऊन असं की स्वतःची सावलीही पायाखाली लपलेली. कुठं चिमणीचाही आवाज नव्हता.

मग बायनाबाईंनी शेवटचं हत्यार काढलं. परसाच्या मधोमध थांबल्या, डोळे मिटले आणि खोल आवाजात म्हणाल्या, "सर्जेराव, इथं विहीर होती."

त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं! पण धावड्यात प्रत्येक विहिरीवर साती आसरा असत, पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपारी तिकडं कोणी फिरकत नसे. त्यातलंच सुचलं ते त्या बोलल्या.

"पाणी बुजवलं म्हणून आसरा रुसल्यात. त्यांना पाणी दाखवल्याबिगर ह्या घरात दिवा टिकायचा न्हाई."

मात्रा लागू पडली का, हे बघायला त्यांनी एक डोळा उघडला. सर्जेरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" ते कुजबुजले. "मागच्या उन्हाळ्यात मीच बुजवली. ह्याच टायमाला. कुणालाच ठावं न्हाई!"

बायनाबाईंच्याच अंगावर सर्रकन काटा आला. पण सौदा तो सौदा! दुसरा डोळाही उघडून त्या म्हणाल्या, "मंग... हौद?"

"करतो! जल्दी करतो!"

बिल्डरनं शब्द फिरवू नये म्हणून बायनाबाईंनी तिथंच सात खडे मांडले, त्यांना कुंकू लावलं आणि सर्जेरावांना बरोबर ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलल्या, "आयांनो, हौद होऊ द्या. त्याच्या पाण्याला मी कुणालाच न्हाई म्हणणार न्हाई!"

वारा नव्हता. तरी वाळूच्या ढिगावरचं रिकामं पोतं हळूच उठलं आणि परत खाली बसलं.

"पोतंच हाय," त्रिंबकराव म्हणाले, आणि चपला न घालताच रस्त्यापर्यंत गेले.

आठ दिवसांनी दोघं बघायला आले, तर रखमाजी गवंडी सात हात खोल खड्ड्यात उभा!

"अरे, पाच हात ठरलं होतं ना?"

"तुम्हीच तर काल सांगून गेल्त्या, बाई. अजून दोन हात घे म्हणून."

"मी? काल आम्ही जांब समर्थला देवाला गेल्तो!"

रखमाजीच्या हातातली थापी थांबली. "हिरवं लुगडं व्हतं. पदर ओला, पाणी निथळून राह्यलं. भर बारा वाजता. मी म्हणलं, बाई न्हाऊन तशाच आल्या जणू."

बायनाबाईंकडं हिरवं लुगडंच नव्हतं. त्यांनी खाली बघितलं. खड्ड्याच्या काठावर कुंकवाचे सात खडे ओळीनं मांडलेले होते. त्यांनी मांडले होते ते गोल.

पुढच्या खेपेला खड्ड्यात सात पायऱ्या उतरल्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला भिंतीत दिव्यांसाठी सात देवळ्या. खड्डा सरकत सरकत स्वयंपाकघरात शिरला होता!

"माझा ओटा कुठंय?"

"तिनं काढायला लावला," रखमाजी खाली मान घालून म्हणाला.

बायनाबाई धावत सर्जेरावांकडं गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मिळालेलं परत घ्या म्हणून घासाघीस करत होत्या!

"हौद नको, भाऊ! खरं सांगते, मी थाप मारली होती!"

सर्जेरावांनी आठ अंगठ्यांसकट हात जोडले. "थाप म्हणता, वहिनी, मंग विहीर कशी निघाली?"

त्याच दुपारी पाणी लागलं. शहाळ्यासारखं गोड!

राहायला गेल्यावर पहिला महिना सुखात गेला. मग घागर घेऊन केशरबाई आल्या. मग कॉलनी आली. मग निम्मं जुनं जालना आलं. मागं बोळ नव्हता, त्यामुळे रांग पुढच्या दारातून शिरून, बैठकीत वळसा घेऊन उरलेल्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. चपातीवर तूप लावावं तर वाटीत कोणाचा तरी पदर!

मे महिन्यातल्या एका दुपारी बायनाबाईंचा धीर सुटला. त्यांनी बायकांना बाहेर काढलं, आतून कडी घातली आणि ओरडल्या, "आज न्हाई! कुणालाच न्हाई!"

मागं वळून बघतात तर तिसऱ्या पायरीवरचं पाणी पार तळाला गेलेलं. आणि तिथून वर ओली पावलं. पायऱ्यांवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून थेट दारापर्यंत. सात जोड्या. सगळी दाराकडं तोंड केलेली, एकही परत फिरलेली नाही. कडी तर आतून लागलेली!

बाहेरून केशरबाई दार वाजवत होत्या. "बायना, उघड! आत कोण हसून राह्यलं गं?"

बायनाबाईंनी कडी काढली. संध्याकाळपर्यंत पाणी तिसऱ्या पायरीवर आलं. त्यानंतर त्यांनी पाण्याला कोणालाही नाही म्हटलं नाही.

सर्जेरावांनी बांधकाम सोडून भोकरदनला रंगाचं दुकान टाकलं. तिथं माती उकरावी लागू नये म्हणून कुंडीतलं रोपसुद्धा ते दुसऱ्याकडून लावून घेत. त्रिंबकराव नोकरीतून सुटल्यावर बैठकीत खुर्ची टाकून रांग सांभाळू लागले. नोकरीत कोणी ऐकलं नव्हतं एवढं बायका त्यांचं ऐकत. केशरबाई शेवटपर्यंत रांगेत पहिल्या राहिल्या.

आणि सन दोन हजार तीनमध्ये कॉलनीतल्या बायकांनी बायनाबाईंची ओटी भरून त्यांना लुगडं नेसवलं. हिरवं! ते नेसून, भर दुपारी, ओल्या पदरानं त्या पायऱ्या चढून वर येत होत्या. तेव्हा निसटलेला दगड बसवायला रखमाजी आला होता. केस पिकलेला रखमाजी दारातच थिजला. हातातली थापी खाली पडली.

"हीच ती बाई," तो म्हणाला. "हेच लुगडं. हेच त्वांड. तवा मी मनात म्हणलं बी, बाई एवढ्यात लय थकल्या."

बायनाबाईंनी मागं वळून पाण्यात बघितलं. पाण्यातल्या बाईनंही त्यांच्याकडं बघितलं.

"मीच आल्ते म्हणतोस?" त्या म्हणाल्या. "मंग मेली मी, स्वतःचा ओटा तरी राहू द्यायचा होता की!"

आणि घागर उचलून स्वतःच्या घरातल्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.