अलीकडची नदी, पलीकडची अंडी

एका जंगलात, बाळांनो, विकास शिरला. शिरला तो थेट नदीकाठी गेला, कारण तिथून दृश्य छान दिसतं.

येसूआत्या कासवीण हबकली. ती दरवर्षी ज्या वाळूत अंडी घालायची, तिथेच दंताजीराव रानडुकराने हॉटेलाचा पाया खणायला घेतला होता. आत्या तडक सिंहमहाराजांकडे निघाली. पोचायला आठवडा लागला.

महाराज मनाने चांगले होते. "पूर कुठवर येतो, आत्या?"

"जुन्या उंबराच्या मुळापर्यंत, महाराज."

महाराजांनी सशाला पिटाळून तिथे निळी दोरी बांधून घेतली. हुकूम निघाला, 'दोरीच्या पलीकडे कोणीही बांधकाम करू नये.'

आत्या खुशीत परतली. बघते तर हॉटेलाचे दोन मजले उभे! गच्चीवर नगररचना अधिकारी कोल्हेसाहेब कांदाभजी खात बसलेले.

"अहो साहेब," आत्या खालून ओरडली, "हे दोरीच्या पलीकडे आहे ना?"

"आत्ता आपण कुठे आहोत?"

"इथे."

"इथे म्हणजे अलीकडे. आणि दोरीच्या त्या बाजूला?"

"माळ."

"तो पलीकडे. तिथे कुणी एक वीट ठेवू दे, मग बघतो त्याच्याकडे!"

आत्याला रडूच फुटलं. पण रडता रडता तिने माळाकडे पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. कडक बंदी होती ना! आत्या दोरीखालून सरपटत गेली आणि मऊ मातीत अंडी घालून मोकळी झाली.

श्रावणात पूर आला. बरोबर दोरीपाशी येऊन थांबला. हॉटेलाची तेवढी गच्ची वर राहिली, आणि गच्चीवर भिजलेले दंताजीराव आणि कोल्हेसाहेब.

"अतिक्रमण!" दंताजीराव किंचाळले.

कोल्हेसाहेबांनी तिथल्या तिथे नदीला नोटीस लिहिली, 'आपण अलीकडे आला आहात. तीन दिवसांत पलीकडे जावे.' पण ती बजावणार कोण? पोहता कुणालाच येईना. शेवटी आत्यालाच हाक मारली.

त्याच सकाळी माळावरची अंडी फुटली होती. अकरा पिल्लं दुडुदुडु दोरीपाशी आली, तर पाणी दोन पावलांवर! आत्याला हसू आवरेना. तिने नोटीस पाठीवर घेतली.

"चला रे, नदीला वाचून दाखवू," ती म्हणाली, आणि बाराही जणांनी बुडी मारली.

तात्पर्य : नदीकाठी बांधण्याआधी नदीला अलीकडे-पलीकडे शिकवून घ्यावं. ती शिकलीच नाही, तर गच्ची आणखी उंच बांधावी. परवानगी मिळते.