तीनशे पट वाकलेली गच्ची

साधं गणित मांडून इमारत तपासणारे इंजिनिअर लातुरात गल्लोगल्ली सापडतील. मी नॉनलिनिअर अ‍ॅनालिसिस करतो. म्हणजे वजन थोडं थोडं वाढवायचं, स्लॅब वाकला की त्या वाकलेल्या स्लॅबचं गणित पुन्हा मांडायचं. असा जावई उदगीरच्या नागप्पामामांना मिळणार होता आणि बिचाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती! मध्यस्थ गुरुबसप्पांनी माझी नोकरी, स्वभाव, उंची सगळं रंगवून सांगितलं. नेमकं हेच राहिलं.

त्यांच्या शिवानीशी माझा साखरपुडा मामांच्या गच्चीवर व्हायचा होता. एवढे पाहुणे गच्चीला पेलतील ना, असं मामांनी सहज विचारलं. हो म्हणालो असतो तर संपलं असतं. पण मी कॉम्प्युटरवर गच्ची उभी केली, तिच्यावर अख्खी वरात नाचवली आणि स्लॅब ठणठणीत निघाला. त्या आनंदात रंगीत चित्र मामांना पाठवून दिलं.

चित्रात गच्ची झोळीसारखी लोंबत होती आणि मधोमध लालभडक. प्रत्यक्षात ती नखभर वाकत होती. डोळ्यांना दिसावं म्हणून सॉफ्टवेअर ते तीनशे पट वाढवून दाखवतं. हे मी लिहिलं नव्हतं. इतक्या प्राथमिक गोष्टी कोण लिहीत बसतं?

भूकंपाचं साल पाहिलेल्या आमच्या भागात घर पडणार म्हटलं की माणूस चपलासुद्धा शोधत नाही. शिवानीने फोन करून बोलावलं म्हणून उदगीरला पोचलो, तर मामांची कपाटं रस्त्यावर होती आणि स्लॅबखाली टेकूला लाकडी बल्ल्या लागल्या होत्या. शेजाऱ्यांनीही खबरदारी म्हणून फ्रिज बाहेर काढला होता. शिवकांतामामी देव घेऊन मंदिरात जाऊन बसल्या होत्या.

"बाबा सोयरीक मोडायलेत," शिवानी म्हणाली. "ज्याच्या पायगुणानं घर पडायलंय, त्याला पोरगी द्यायची न्हाई म्हनतेत."

मुलगी मला मनापासून आवडली होती, अगदी नॉनलिनिअरपेक्षाही जास्त.

मामांना रस्त्यावरच खुर्चीत बसवलं आणि हात जोडून समजावलं की घर धड आहे, चित्रातलं वाकणं तेवढं मोठं करून दाखवलेलं आहे. मामांनी बल्ल्या काढायला सांगितल्या. माझ्या विद्येचा अखेर विजय झाला!

मग मामा उठले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"पाव्हणं, गुरुबसप्पानं तुमची उंची पाच फूट दहा इंच सांगितली होती," ते म्हणाले. "ती किती पट करून सांगितली?"

साखरपुडा गच्चीवरच झाला. फोटोत शिवानीशेजारी मी पाटावर उभा आहे.