पाठमोऱ्या पाट्या

"अहो, ही निळी इमारत मघाशीही लागली होती," बायको म्हणाली.

"तशा दोन असतील," म्हणत इंजिनिअरसाहेबांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

साहेब नुकतेच रस्ते खात्यातून निवृत्त झाले होते. आज त्यांचा सत्कार होता, आणि तोही हेच सर्कल बांधल्याबद्दल! पूर्वी इथे साधा तिठा होता. कडेला एक मैलाचा दगड, त्यावर खडूने लिहून पोरं अभ्यास करायची. पण कोणी वाट चुकल्याचं ऐकिवात नव्हतं. आता सहा रस्ते फुटले होते, मधे हिरवळ होती आणि हिरवळीच्या काठावर प्रत्येक रस्त्यासमोर भलीमोठी पाटी. सत्काराचं सभागृह कुठल्या रस्त्याला, ते पाटीवर ठळक लिहिलेलं होतं. फक्त सगळ्या पाट्या गाड्यांकडे पाठ करून उभ्या होत्या.

दुसऱ्या फेरीत साहेबांना आठवलं आणि कानशिलं तापली. उद्घाटनाचा मांडव मधल्या हिरवळीवर होता. फोटोत पाट्या झकास याव्यात म्हणून त्यांनीच फर्मावलं होतं, "तोंडं आत करा. उद्या फिरवून घेऊ." तो उद्या काही उजाडलाच नाही. नोकरीत गाडीला ड्रायव्हर होता. साहेब मागे बसून पेपर वाचत.

"कोणाला तरी विचारा ना."

"मी? माझ्याच सर्कलवर रस्ता विचारू? लोक काय म्हणतील?"

"बरं, नका विचारू. पण मागे बघा. ती पांढरी गाडी तुमच्या मोठ्या साहेबांची ना?"

साहेबांनी आरशात पाहिलं. मोठे साहेब, त्यांच्यामागे ऑफिसची जीप, जीपमागे सत्काराची फुलं घेतलेला टेम्पो. सर्कल बांधणाराच पुढे आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्तपणे त्यांच्या मागे लागले होते. साहेबांनी वेग वाढवला. त्यांनीही वाढवला.

शेवटी हवालदाराने शिट्टी फुंकली. "काका, मिरवणूक आहे का? किती फेऱ्या मारायच्या ठरल्यात?"

"तसं नाही हो. जरा... पाटी वाचायचीय."

"मग मधे जाऊन वाचा. इथून कोणालाच दिसत नाही. कोण शहाणा लावून गेलाय, देव जाणे!"

बायकोने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. साहेब गाडी कडेला लावून चोरासारखे हिरवळीवर गेले. त्यांच्या मागोमाग सगळ्या गाड्या थांबल्या, सगळे उतरले आणि हिरवळीवर जमले.

मोठ्या साहेबांनी कमरेवर हात ठेवून चौफेर नजर फिरवली. "वा! कशी एकेक पाटी वाचता येतेय! दाखवायला मुद्दाम इथे आणलंत होय? उत्तम! नाहीतरी सभागृहात आता आहे कोण? सगळे तर इथेच आहोत. आणा तो पुष्पगुच्छ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांची मान जी खाली गेली, ती वर येईना.

"किती हा विनय!" जीपमधले कारकून एकमेकांना म्हणाले.

बायको जवळ आली आणि पुष्पगुच्छाच्या आडून पुटपुटली, "आता मान वर करा आणि आपल्या घराकडच्या रस्त्याची पाटी वाचून ठेवा. गाडीत बसलं की दिसायची नाही."