ज्ञानूचा सत्कार

अभिनय ही अत्यंत जबाबदारीची कला आहे आणि ती सारी जबाबदारी प्रेक्षकांवर असते. कडेगावाकडच्या आमच्या गावानं ती कधी टाळली नाही.

गावचा अष्टपैलू नट ज्ञानू. (अष्टपैलू म्हणजे ज्याला एकच काम दुसऱ्यांदा मिळत नाही असा.) कोल्हापूरच्या स्टुडिओंत तो हवालदार झाला, सावकार झाला, दारुडा झाला, साधू झाला आणि बऱ्याचदा प्रेत झाला. तंबूतल्या सिनेमात त्याचा दारुडा लागला तेव्हा पोलीस पाटलांनी त्याला समज दिली. साधू लागला तेव्हा बायकांनी त्याच्या पायावर पोरं घातली. कलेची एवढी कदर अख्ख्या सातारा-सांगलीत नसेल.

त्याची आई हरणाबाई मात्र अडाणी. पडद्यावर लेक मेला की दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून कोल्हापूर गाठायची, त्याच्या तोंडावरून हात फिरवायची, दशम्या हातात ठेवायची आणि परत यायची. मरण खोटं असतं हे तिला ठाऊक होतं. तरी जायची.

शहात्तर साली ज्ञानू मुंबईच्या टेलिव्हिजनवर दिसला. गावात टेलिव्हिजन नव्हता. त्यामुळे काम अप्रतिम झालं यावर एकमत झालं आणि सोसायटीचे चेअरमन आप्पासो यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार ठरला. सत्काराचा क्रम सर्वांना माहीत आहे: फेटा, हार, नारळ, मग ज्यांना बोलता येत नाही त्यांची भाषणं.

दुसरं भाषण रंगात असताना शेजारची धोंडुबाई धापा टाकत मांडवात शिरली. "ज्ञानू, म्हातारी चुलीम्होरं पडलीया रं! डोळं फिरवलंया!"

ज्ञानूनं फेट्यासकट आप्पासोंचे पाय धरले. "आप्पासो, तुमची जीप द्या. आईला सांगलीला न्यायला पायजे. आवं, जाईल ती!"

मांडव पुढं सरकून बसला. मग टाळ्या.

"वन्समोर!" मागून आवाज आला.

"खरं सांगतोय, आप्पासो!" ज्ञानू ढसाढसा रडू लागला.

"लय भारी," आप्पासो डोळे पुसत म्हणाले. "पर सावकाराच्या पिच्चरात यापरास बेस रडला हुतास."

धोंडुबाईचं काम कच्चं आहे, आवाज नको तिथं चढतो, असंही मत पडलं. जीप पाहुण्यांना सोडायची होती आणि आभार मानायचे राहिले होते. (आभार मानल्याशिवाय वाहन हलवणं हा आमच्याकडे पाहुण्यांचा अपमान समजतात.) ज्ञानूनं फेटा तिथंच टाकला आणि आईला बैलगाडीत घातलं. गाडी सांगलीच्या विश्रामबागेतल्या दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडून दिली.

मयताला सत्कारापेक्षा जास्त गर्दी लोटली. चितेकडं कुणी बघत नव्हतं. सगळे ज्ञानूच्या तोंडाकडं बघत होते. तो कोरडा उभा होता.

"ह्यात काय राम न्हाई गड्या," आप्पासो हळूच म्हणाले. "टेलिव्हिजननं पार बिघडवला."

तुम्ही सुशिक्षित वाचक; अशा गावाला हसणारच. हसा. फक्त हरणाबाईला झालं तरी काय होतं, हे विचारायचं तुमच्याही ध्यानात आलं नाही.